सरळ संबंध

वनिता,

तुझं बारावं झालं त्यानंतरच्या रविवारी किसन माझ्याकडे कल्याणला आला. हातात कापडी पिशवी, पिशवीत तुझ्या वह्या. निळ्या पुठ्ठ्याच्या, लांबट, तुमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये मिळतात तसल्या. त्या त्याने टेबलावर ठेवल्या आणि तिथेच उभा राहिला. मी बस म्हटलं तर म्हणाला, "नको, रिक्षा थांबवून आलोय." मग जरा वेळाने आपणच बसला.

"ताईनं सांगितलेलं," तो म्हणाला. "मला कधी काय झालं तर वह्या सुजाताकडं द्यायच्या, दुसऱ्या कुणाला नाय."

"कधी सांगितलेलं?"

"दिवाळीनंतर. मी म्हटलं, काय पण बोलतेस."

दिवाळीनंतर, म्हणजे आपलं बोलणं बंद होऊन सहा-सात महिने झाल्यावर. किसनला हे माहीत होतं, मलाही माहीत होतं की त्याला माहीत आहे. त्याने चहा घेतला, आईची तब्येत विचारली आणि गेला. जाताना दाराशी म्हणाला, "तुम्ही त्या दिवशी आलेलात ना? मी बघितलं तुम्हाला. पुढं का नाय आलात?"

आले होते, वनिता. बाळकुमला तुमच्या आळीच्या तोंडाशी जे नवे टॉवर झालेत, त्यांच्या कंपाउंडच्या भिंतीला टेकून उभी होते. तिथल्या वॉचमनने मला दोनदा विचारलं, कुठल्या फ्लॅटमध्ये जायचंय. तुला नेलं तेव्हा मी चप्पल काढून उभी राहिले, इतकंच केलं. पुढे येऊन तुझ्या वडिलांसमोर, नानांसमोर उभं राहायची हिंमत झाली नाही.

म्हणून आता हे लिहायला बसलेय. तू असतीस तर म्हणाली असतीस, "लिहू नकोस, फोन कर."

आपण पहिल्यांदा शेजारी बसलो ते एफ.वाय.च्या केमिस्ट्री प्रॅक्टिकलला. तुझ्या बाजूची मुलगी उठून दुसऱ्या टेबलावर गेली होती, कारण तुझ्या ओढणीला सुक्या जवळ्याचा वास येत होता. तू सकाळी आईबरोबर बाजारात मासळीची टोपली पोचवून तशीच कॉलेजला आली होतीस. मी त्या रिकाम्या स्टुलावर बसले. माझ्या टेबलावरच्या मुलींनी आधीच्या तासाला माझं आडनाव विचारलं होतं, आणि आडनाव सांगितल्यावर त्यांचं बोलणं एकदम कमी झालं होतं. हे मी तुला पुष्कळ महिन्यांनी सांगितलं. तू ब्युरेट धुता धुता म्हणालीस, "म्हणजे तुला आडनाव विचारतात आणि माझा वास घेतात. चल, नीट पकड, गळतंय." त्यावर आपण दोघी इतक्या हसलो की सरांनी बाहेर काढलं.

पुढे तू घोडबंदर रोडवरच्या एका कॉलेजात लॅब असिस्टंट झालीस, मी डोंबिवलीत संख्याशास्त्र शिकवायला लागले. माझ्या आईला तू माझ्याआधी लाडकी. कल्याणच्या आमच्या चाळीत तू आलीस की आई मला पाणी आणायला सांगायची आणि तुला जवळ बसवायची. लग्न तू केलं नाहीस, मी केलं आणि मोडलं. दोन्ही वेळा आपल्याला एकमेकींना फार काही समजावून सांगावं लागलं नाही.

वह्या कशा सुरू झाल्या ते मला नीट आठवतं, कारण त्या दिवशी तू चिडून फोन केला होतास. खाडीच्या चिखलावर निवट्या उलट्या होऊन पडल्या होत्या. निवटी पाण्याबाहेरही श्वास घेते, ती सहसा अशी मरत नाही, असं तू मला सांगत होतीस, आणि मला निवटी म्हणजे नेमका कुठला मासा हेच कळत नव्हतं. नाना म्हणाले होते की खाडीला दम लागलाय. घरातल्या बाकीच्यांनी ते बोलणं म्हाताऱ्याचं म्हणून सोडून दिलं. तुला मात्र पाण्यातला प्राणवायू मोजता येत होता. रोज पोरांना तेच तर करून दाखवायचीस.

"नाना म्हणतात दम लागलाय," तू म्हणालीस. "मी मोजून बघते, किती लागलाय."

त्या आठवड्यापासून प्रत्येक शनिवारी, घड्याळ न बघता दिवसाची ओहोटी बघून, तू किसनच्या होडीतून खाडीला मिळणाऱ्या नाल्याच्या तोंडापाशी जायचीस. एकदा मलाही नेलंस. बाटली पाण्याखाली धरून भरायची, आत एकही बुडबुडा राहता कामा नये, पाण्यातच बूच लावायचं. मग दोन औषधं सोडायची. तांबूस गाळ बसला म्हणजे पाण्यात प्राणवायू आहे, पांढरा बसला म्हणजे नाही. त्या दिवशी गाळ तांबूस आला आणि तू "हं" एवढंच म्हणालीस. किसन जाळं ओढत होता. जी मासळी आली ती काट्यावर टाकून तू वजन लिहिलंस, पाण्याचं तापमान लिहिलंस, खारेपणा लिहिला. मी होडीची कड घट्ट धरून बसले होते. तू म्हणालीस, "तुझ्या त्या व्हेरिएबल्सना पण अशीच घट्ट पकडतेस का गं?"

नऊ वर्षं तू हे केलंस. त्यासाठी कुणी तुला सांगितलं नव्हतं, कुठली पदवीही मिळणार नव्हती.

मग ते सगळं कॉम्प्युटरवर घालायला तू माझ्याकडे यायला लागलीस, रविवारी दुपारी. मी तुला मोफत मिळणारं सॉफ्टवेअर टाकून दिलं, दोन-चार आज्ञा शिकवल्या. आपलं पहिलं भांडण झालं ते रिकाम्या चौकटींवरून. काही शनिवारी मासळीच्या रकान्यात तू काहीच लिहिलं नव्हतं आणि काही शनिवारी शून्य. मी घाईत सगळीकडे शून्य भरायला निघाले होते. तू माझा हात माऊसवरून काढलास.

"हे काय करतेस? रिकामं आहे तिथं होडी गेलीच नाही. शून्य आहे तिथं होडी गेली, किसननं तीन तास जाळं टाकलं आणि काही आलं नाही. हे दोन एकच झाले का?"

एकच नाहीत. सॉफ्टवेअर शून्याला आकडा धरतं आणि रिकाम्याला धरत नाही, एवढं मला माहीत होतं. पण त्या शून्यामागे तीन तास जाळं टाकून बसलेला माणूस असतो, हे मला तू शिकवलंस. दरवर्षी एस.वाय.च्या पहिल्या तासाला मी हेच उदाहरण देते. मुलं वहीत उतरवून घेतात. तुझं नाव मी एकदाही सांगितलं नाही. ‘माझी एक मैत्रीण’ असंसुद्धा नाही.

आणि तो दिवस, जेव्हा सगळे शनिवार पहिल्यांदा एका चित्रात आले. आडव्या अक्षावर प्राणवायू, उभ्या अक्षावर मासळी, आणि प्रत्येक शनिवारचा एक ठिपका. मला तो ठिपक्यांचा ढग दिसला, रोज दिसतो तसा. तू खुर्ची पुढे ओढलीस आणि बोट ठेवून सांगायला लागलीस. हा किसनच्या साखरपुड्याच्या आधीचा. हा मी तापात गेलेले तो. ह्या दिवशी कोळंबी एवढी आली की टोपल्या कमी पडल्या. चारशेच्या वर ठिपके होते, आणि तुला त्यातले कितीतरी ओळखू येत होते. मी आयुष्यभर डेटा हाताळला, पण त्यातल्या ठिपक्यांना ओळखणारं माणूस पहिल्यांदा बघत होते.

मग मी त्यातून रेघ काढली.

आता जे सांगायचं आहे ते मी सरळ सांगते, कारण तू गेल्यावरही स्वतःला वाचवत बसले तर ह्या लिहिण्याला काही अर्थ नाही.

प्राणवायू कमी झाला की मासळी किती कमी होते, हे मोजायचं होतं. मी सॉफ्टवेअरला सांगितलं, ह्या ठिपक्यांतून सगळ्यात जवळून जाणारी सरळ रेघ शोध. त्याने शोधली. रेघ जवळजवळ आडवी आली. म्हणजे प्राणवायू कमी-जास्त झाला तरी मासळीला फारसा फरक पडत नाही, असं तिचं म्हणणं. खाली डाव्या कोपऱ्यात अकरा ठिपके वेगळे पडले होते, जिथे प्राणवायू तळाला गेला होता आणि मासळी शून्य होती. तू तिकडे बोट दाखवलंस.

"आणि हे?"

"ते आउटलायर वाटतात. बाकीच्यांशी जुळत नाहीत. मापात चूक असेल."

"कसली चूक?"

"केमिकल जुनं असेल एखाद वेळेस."

तू माझ्याकडे बघितलंस. वीस वर्षं ती औषधं तू स्वतःच्या हाताने बनवत होतीस. मी ते बोलायला नको होतं. माहीत असून बोलले.

"ते शनिवार खोटे आहेत का?" तू विचारलंस.

"खोटे नाहीत गं. पण ते ठेवले तर समोरचा म्हणेल, कोळ्याच्या मुलीने स्वतःच मोजलं, स्वतःच लिहिलं. स्वच्छ डेटा पाहिजे."

तू म्हणालीस, "नाना काय म्हणतात माहितीय? खाडी हळूहळू सांगत नाही. सोसते, सोसते आणि मग एकदम टाकून देते. तुझी रेघ सरळ का? ती एका ठिकाणी मोडायला पाहिजे."

मी म्हटलं की आपल्याला जे दिसावंसं वाटतं त्याप्रमाणे रेघ वाकवता येत नाही, नाहीतर कुणीही काहीही सिद्ध करेल. हे वाक्य चुकीचं नाही. वर्गात मी ते शंभर वेळा म्हटलंय. पण त्या दिवशी मी ते तुझं तोंड बंद करायला वापरलं. मोडलेली रेघ ही काही लबाडी नसते. तसा संबंध असतो, तो तपासायची रीत असते, मला ती येत होती. मी तपासलंच नाही. ते अकरा शनिवार काढून टाकले आणि पुढे गेले.

का, ते मी स्वतःला पुष्कळदा विचारलं. मला वाटतं मी घाबरले होते. नोकरी लागल्यापासून माझ्या प्रत्येक कामावर कुणीतरी दोनदा बोट ठेवून बघितलंय. पीएचडी तरी खरी आहे का, असं स्टाफरूममध्ये हसत हसत विचारलेलं मी ऐकलंय. त्यामुळे माझं काम असं असावं की त्यात कुणाला फट सापडू नये, हे माझ्या अंगात मुरलं होतं. सरळ रेघेवर कुणी बोट ठेवत नाही. मोडक्या रेघेचं उत्तर द्यावं लागतं. म्हणून तुझे शनिवार मी माझ्या अब्रूसाठी काढले, वनिता. शास्त्रासाठी नाही.

खाडीच्या पाण्याची तपासणी करा, असा आळीच्या वतीने तू केलेला अर्ज सरकारी समितीपुढे आला तेव्हा तू मला टिपण लिहून द्यायला सांगितलंस. मी एक पान लिहिलं. त्यात एक वाक्य होतं: ‘उपलब्ध माहितीवरून पाण्यातील प्राणवायू व मासळी यांच्यात सरळ संबंध आढळत नाही.’ सरळ, म्हणजे सरळ रेघेसारखा. आमच्या विषयात त्याचा तेवढाच अर्थ.

ठाण्यातल्या त्या ऑफिसात आपण पंखा नसलेल्या बाजूला बसलो होतो. नाना पांढरा सदरा घालून आले होते. समितीच्या साहेबांनी माझं पान उचललं, ते वाक्य मोठ्याने वाचलं आणि चष्मा काढला.

"तुमच्याच तज्ज्ञ बाई म्हणतायत, सरळ संबंध नाही. म्हणजे मासे गेले ते दुसऱ्या कशाने तरी. मग आम्ही काय करायचं?"

त्यांनी ‘सरळ’ म्हणजे थेट असा अर्थ घेतला. कुणीही मराठी माणूस घेईल. मला त्या क्षणी ते कळलं. अगदी स्वच्छ कळलं. उठून एवढंच म्हणायचं होतं की साहेब, तो अर्थ नाही. तू माझ्याकडे मान वळवलीस. नानांनीही वळवली. मी समोरच्या पाण्याच्या ग्लासकडे बघत राहिले. मनात चाललं होतं की उठले तर ते विचारतील मग कसला संबंध आहे, आणि अकरा शनिवार का काढले, हेही निघेल. तेवढ्यात त्यांनी पुढचा विषय घेतला. तुमचा अर्ज दफ्तरी दाखल झाला.

बाहेर रिक्षा स्टँडवर तू थांबलीस. नाना किसनबरोबर पुढे गेले होते.

"तू उठली का नाहीस?"

"अगं, तो तांत्रिक शब्द आहे, त्यांना समजावून सांगायला वेळ..."

"एक मिनिट लागलं असतं."

"वनिता, आणि समजा संबंध दाखवला, तरी नाल्यातून काय येतं आणि कुणाचं येतं हे त्यातून सिद्ध होत नाही. ते वेगळं मोजावं लागतं."

"मी ते म्हणतच नव्हते. मी एवढंच म्हणत होते की खाडीला दम लागला की मासे जातात. आता नानांना काय सांगू? खाडी मेली, पण सरळ नाही मेली?"

मी काहीतरी बोलले. लेक्चर आहे, उशीर होतोय, असलं काहीतरी. तू रिक्षात बसलीस आणि पडद्यामागे गेलीस. मी तुझं शेवटचं बघितलेलं तोंड ते.

त्यानंतर एकच मेसेज आला, दिवाळीच्या आधी. ‘पावसाळ्यातले आणि नंतरचे शनिवार पण घेतलेत. बघशील का?’ मी तेव्हा परीक्षेच्या सुपरव्हिजनला होते. वाचलं आणि ठरवलं की घरी जाऊन नीट उत्तर लिहू. घरी गेल्यावर वाटलं, आधी माफी मागायची की आधी हो म्हणायचं? दुसऱ्या दिवशी वाटलं, आता उशीर झालाय, प्रत्यक्षच भेटू. असं करत करत जानेवारी आला, आणि तुमच्या लॅबमधल्या शिपाईमामांचा फोन आला. तू सकाळी बाटल्या धुताना खाली बसलीस ती उठलीच नाहीस. मेंदूत रक्तस्राव झाला म्हणाले. हॉस्पिटलमध्ये दोन दिवस. मी तिथेही तळमजल्यापर्यंत येऊन परत गेले.

किसन गेल्यावर मी वह्या उघडल्या. शेवटच्या वहीत समितीनंतरचे तीसच्या वर शनिवार होते, त्याच बारीक तिरक्या अक्षरात. आणि मागच्या पुठ्ठ्याला एक आलेखाचा कागद चिकटवलेला. पेन्सिलीने काढलेले ठिपके, फूटपट्टीने मारलेली रेघ. उजवीकडून आडवी येते आणि एका ठिकाणी मोडून एकदम खाली जाते. ज्या जागी मोडते तिथे तू बारीक गोल केलाय. खाली लिहिलंय, ‘सुजाताला विचारायचं, अशी चालते का.’

त्या दुपारी मी काही केलं नाही. आईने दोनदा जेवायला हाक मारली.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात रजा टाकली. काढलेले अकरा शनिवार पहिल्यांदा परत घातले. सॉफ्टवेअर आपण विचारू तेवढंच शोधतं. सरळ रेघ माग, सरळ देईल. ह्या वेळी मी विचारलं, रेघ एका ठिकाणी मोडू दिली तर कुठे मोडेल? त्याने जी जागा दिली ती तुझ्या पेन्सिलीच्या गोलापासून केसभर लांब होती. त्या जागेच्या वर प्राणवायू थोडा कमी-जास्त झाला तरी मासळीला खरंच फार फरक पडत नाही. त्या जागेच्या खाली गेला की मासळी कोसळते. नऊ वर्षांतले बहुतेक शनिवार वरच्या बाजूचे होते, म्हणून माझी सरळ रेघ आडवी आली. जे अकरा शनिवार खरी गोष्ट सांगत होते, तेच मी बाहेर काढले होते.

तापमान आणि खारेपणा धरूनही बघितलं. रेघ तशीच मोडली.

पण इतक्याने मी स्वतःवर विश्वास ठेवला नाही. जे बघायची इच्छा असते ते माणसाला दिसतं, हे खरंच आहे. म्हणून नवे शनिवार मी त्यात घातलेच नव्हते. ते बाजूला ठेवून आधी जुन्यांवरून रेघ काढली, आणि मग तुझ्या शेवटच्या तीस-बत्तीस शनिवारांना एकेक करून विचारलं की तुम्ही हिच्यावर बसता का. दोन बसले नाहीत. बाकीचे बसले. माझ्याशी बोलणं बंद असताना, एकटीने, मी उत्तर देईन का हे माहीत नसताना तू जे मोजत होतीस, त्यानेच तुझं म्हणणं खरं ठरवलं.

स्क्रीन बंद करून मी खिडकीपाशी उभी राहिले. आनंद झाला नाही. आपलं बरोबर निघाल्यावर तू जी मान हलवायचीस, ती मला बघायची होती. मी चुकलेय हे सांगायला तू असायला पाहिजे होतीस.

मग मी बाळकुमला गेले. नाना ओट्यावर बसले होते, पायांवर शाल. मी कागद उलगडून दाखवायला लागले, ही रेघ, ही जागा. त्यांनी कागद हातात घेतला आणि घडी घालून परत दिला.

"मना काय दाखवतंस, पोरी. मना ठावं हाय."

"हो नाना. तुम्ही म्हणालेलात तसंच निघालं."

"मंग तवा का नाय बोललीस?"

आवाज चढवून नाही विचारलं. खरंच कळत नव्हतं म्हणून विचारलं. वनिता, तुला मी कारणं दिली असती, भांडले असते. त्यांना काय देणार? मी म्हटलं, "घाबरले." त्यांनी पायांवरची शाल सारखी केली. आत किसनची बायको भांडी लावत होती, ती थांबली. मग नाना म्हणाले, "ती पण घाबराची. पन जायाची." आणि तोंड खाडीकडे केलं, जिथून आता टॉवरच्या भिंतीशिवाय काही दिसत नाही. मला त्यांनी माफ केलं की नाही, हे मला कळलं नाही. विचारायचा हक्क नव्हता.

नवीन टिपण घेऊन मी त्याच साहेबांना भेटायला गेले. ह्या वेळी तीन पानं होती. वर दोन नावं, आधी तुझं, मग माझं. साहेबांनी पूर्ण वाचलं. मला वाटलं होतं तसे ते नव्हते. दुसरं पान त्यांनी परत मागे जाऊन वाचलं.

"म्हणजे तेव्हा तुम्ही चुकलात?"

"हो. दोन ठिकाणी. अकरा दिवस काढले ते, आणि तुम्ही वाक्याचा वेगळा अर्थ घेतलात तेव्हा गप्प बसले ते."

"मॅडम, तेव्हाच बोलला असतात तर मी विषय बंद केला नसता," ते म्हणाले. "मला गणितातलं काय कळतं? मी तुमच्या भरवशावर होतो."

तिथून बाहेर पडून मी जिन्यावर बसले. इतके महिने मला वाटत होतं की दोष निम्मा त्यांचा आहे. तो आधार होता एक. तोही गेला.

रिक्षा स्टँडवर म्हटलं होतं तेही मी नव्या टिपणात लिहिलंय, तुला कदाचित आवडणार नाही. ह्या आकड्यांवरून प्राणवायू कशामुळे कमी झाला हे सांगता येत नाही, नाल्याचं पाणी वेगळं मोजावं लागेल. तेवढं मी तेव्हा बरोबर बोलले होते. त्यावरून आपण भांडलो असतो, आणि ह्या वेळी मी मागे हटले नसते. पण ते भांडण मला पाहिजे होतं. ते रविवारचं दुपारचं भांडण, तुझा माऊसवरचा हात, आणि आईने मधेच आणून ठेवलेली भजी.

काल किसनचा फोन आला. समितीने विषय परत घेतलाय, पुढच्या मंगळवारी बैठक आहे. नोटीस घरच्या पत्त्यावर आली, तुझ्या नावाने. अर्जदार म्हणून तूच आहेस ना कागदावर. खाली छापलंय की अर्जदाराने स्वतः हजर राहावे. तू आता नाहीस हे ऑफिसला कुणी कळवलेलं नाही. मी टिपणावर तुझं नाव घातलं तेव्हा साहेबांनी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नव्हतं.

"काय करू?" किसनने विचारलं. "पत्र लिहून कळवू का? नाव काढून माझं घालायला सांगू?"

"नको," मी म्हटलं. "राहू दे. मंगळवारी मी येतेय ना. सुरुवातीला नावं पुकारतील तेव्हा मी उठून सांगेन."

सांगायचं फार नाही. दोन शब्दांचं काम आहे. काल संध्याकाळपासून मी स्वयंपाकघरात, बाथरूममध्ये, कॉलेजच्या जिन्यात ते म्हणून बघतेय. ‘त्या’ इथपर्यंत येतं, वनिता. पुढचा शब्द अजून एकदाही तोंडातून निघालेला नाही.